टीची आडवी रेघ

अण्णांच्या हातातून खडू पडला तेव्हा फळ्यावर 'स्टेशन' हा शब्द लिहून व्हायचा होता. एस, टी, ए, टी झालं होतं. आयपाशी खडू घसरला आणि फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत रेघ गेली. अण्णा खुर्चीत बसले. 'लिहा' म्हणाले. मुलं लिहू लागली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा अण्णा उठले नाहीत.

मी तिथे नव्हते. मी तेव्हा नववीत होते, मुलींच्या शाळेत भूमितीच्या तासाला बसले होते. हे सगळं मला शालननं सांगितलं. शालन अण्णांच्या सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि आमच्याच गल्लीत राहायची. तिच्या वडिलांच्या दोन म्हशी होत्या. संध्याकाळी त्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला, उभ्या असत. "सर लिहा म्हणाले, पर तोंडातनं नुसतं वारंच आलं," ती म्हणाली. "आमी आपलं लिवलं." तिचं हे शेवटचं वाक्य मी पुढं कितीदा मनाशी म्हटलं असेल, सांगता येत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. पाचवीला मुलांना एबीसी येई, तीही सुटी सुटी, एकेक अक्षर वेगळं. सहावीला ती अक्षरं जोडून लिहायला शिकवायचं काम अण्णांकडं असे, आणि ते काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. जोडून लिहायचं म्हटलं की आमच्याकडच्या मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा मराठी जोडाक्षर येई. "सर, एसला टी जोडायचा म्हंजे एस अर्धा काढायचा व्हय?" असं दर वर्षी कुणीतरी विचारी. शालननं तर पहिल्या दिवशी घरून लिहून आणलेल्या सगळ्या इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर रेघ मारली होती, मराठीत मारतात तशी. वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "ही रेघ तू कधी मारलीस? आधी का मागनं?" शालन म्हणाली, "मागनं. आधी कशाला मारीन?" "झालं तर मग. हिला निम्मं इंग्रजी आलं," अण्णा म्हणाले आणि फळ्याकडं वळले. इंग्रजीतला टी आणि आय मराठीसारखेच मागनं पुरे करायचे असतात, एवढंच त्यांना सांगायचं होतं. टीची आडवी रेघ आणि आयवरचं टिंब शब्द संपल्यावर द्यायचं. तोपर्यंत हात उचलायचा नाही. परत मागं यायचं ते एकदाच, सगळं झाल्यावर.

हात न उचलता अख्खा शब्द लिहिणं दहा-अकरा वर्षांच्या पोराला जड जातं. म्हणून अण्णांनी शेपटांची रीत काढली होती. इंग्रजी शब्दांची डोकी हजार तऱ्हेची असतात, शेपटं मात्र मोजकी, असं ते म्हणत. आय-एन-जी, ई-डी, एल-वाय, एफ-यू-एल, एन-ई-एस-एस, आणि सगळ्यांत अवघड टी-आय-ओ-एन. आठवड्याला एक शेपूट. सोमवारी फळ्यावर ते एकटंच यायचं, डोक्याशिवाय. मुलं ते पन्नासदा काढत, हाताला पाठ होईपर्यंत. मंगळवारपासून त्याला डोकी जोडायची. नुसतं लिहिणं नव्हे, अर्थही त्याबरोबर येई. इंग शिकवताना अण्णा म्हणत, "आपण घरात काय म्हणतो? जेवालोय, पळालोय, लिवालोय. त्यातलं ते 'लोय' म्हंजे इंग. जे अजून चाललंय ते." मग आठवडाभर गल्लीत पोरं एकमेकांना 'काय करिंग?' 'जेविंग' असं म्हणत फिरत. एफ-यू-एलच्या आठवड्यात शालननं स्वतःच्या म्हशीला दूधफुल असं नाव ठेवलं होतं, आणि ती आटली तेव्हा दूधलेस.

आम्ही शुक्रवार पेठेत एका माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. खाली दस्तगीरचाचांचं वह्यांचं दुकान होतं. त्यांच्याकडं कागदावर रेघा मारायचं यंत्र होतं; निबांच्या रांगेखालून कागद सरकत जाई आणि दोन तांबड्या, दोन निळ्या अशा चार रेघा घेऊन पलीकडं बाहेर पडे. त्याचा खर्र-टक, खर्र-टक असा आवाज आमच्या जमिनीतून दिवसभर वर येत राही. तो थांबला की मला चुकल्यासारखं वाटे आणि चालू असला की अभ्यासात लक्ष लागत नसे. पलीकडच्या बोळात मसाल्याचं कांडप होतं. उन्हाळ्यात तिथून मिरचीचा खकाणा येई आणि आई सगळ्या खिडक्या लावून शिंकत शिंकत भाकरी थापी. आम्ही जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, दोडका नाही तर घेवडा, आणि आईचा बिनलसणाचा खर्डा. चाचा त्या खर्ड्याला हसत. "वहिनी, लसूण न्हाई तर खर्डा कसला? ही नुसती मिरचीची शिक्षा," असं म्हणत आणि वाटी पुसून खात.

जेवण झालेलं आणि उजेड अजून शिल्लक, असा एक तास आमच्या घरी रोज येत असे. इतरांच्या घरी तेव्हा चुली पेटत. आमच्याकडं भांडी पालथी झालेली असत आणि करायला काही नसे. त्या तासाला मला एका जागी बसवत नसे. मी खिडकीत जाई, जिन्यात जाई, परत येई. म्हणून अण्णांनी मला त्या वेळी वही धरायला लावली आणि माझ्याबरोबर गल्लीतली चार-सहा पोरंही वर येऊन बसू लागली. सगळी शेपटं मला त्या तासात आली. अक्षर अण्णांच्यासारखंच झालं, इतकं की आई पाहुण्यांना दोन कागद दाखवून 'ओळखा बघू' म्हणे. एक खोड मात्र जात नव्हती. टी आला की मला पुढं जाववत नसे. आडवी रेघ द्यायची राहिली आहे, ती राहून गेली तर, असं वाटे आणि हात आपोआप उचलला जाई. रेघ देऊन मी परत आय जोडायला जाई. पण तोवर केसाएवढी फट पडलेली असे. दुसऱ्या कुणाला ती दिसत नसे. अण्णा वहीवर बोट ठेवत. "इथं उचललास," एवढंच म्हणत.

आता आई जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून पुन्हा मला एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. हातात पेन असलं की थोडं बसता येतं, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

अण्णांना सरकारी दवाखान्यात नेलं. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची एक बाजू. आई आणि मी आळीपाळीनं त्यांच्यापाशी बसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा शाळेचा शिपाई अण्णांची छत्री आणि सहावीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवून गेला होता. गठ्ठ्याची गाठ सुटलेली होती. आई डबा भरत होती. "तपासून दे पोरांच्या वह्या," ती म्हणाली. "अडून बसली असतील. तुझं नि त्यांचं अक्षर एकच हाय." तिनं डबा उचलला आणि ती गेली.

मी पहिली वही उघडली. चार रेघांमध्ये सरळ बसलेलं एस, टी, ए, टी. दोन्ही टींना आडवी रेघ नाही, कारण शब्द पुरा झालेला नव्हता. आणि शेवटच्या टीपासून एक रेघ खाली गेलेली. चार रेघा ओलांडून, खालच्या चार ओलांडून, पान संपेपर्यंत. मी दुसरी वही उघडली. तिसरी उघडली. सगळ्यांत तेच होतं. फळ्यावर आहे तसं काढायचं, कमी नाही, जास्त नाही, असं अण्णांनी जूनपासून सांगितलेलं होतं. मुलांनी त्यांचं ऐकलं होतं. कुणाची रेघ ठळक, कुणाची फिकट, एकाची तर शेवटी किंचित डावीकडं वळलेली, फळ्यावर वळली असेल तशी.

त्याखाली तारीख घालून 'गुड' कसं लिहायचं? मी खोडरबर घेतला आणि रेघा खोडायला बसले. एकेक खोडायची, पान फाटणार नाही अशी, आणि मग माझ्या पेन्सिलीनं आय, ओ, एन काढून शब्द पुरा करायचा, टींना आडव्या रेघा द्यायच्या, टिंब द्यायचं. खालचं यंत्र खर्र-टक चालू होतं. मध्येच मी उठून खिडकीशी गेले, पाणी प्यायले, परत बसले. संध्याकाळी आई आली तेव्हा जमिनीवर रबराचा चुरा पसरला होता. तिनं केरसुणी घेतली आणि तो भरला. वह्या मोजल्या तर एकोणचाळीस होत्या. पटावर चाळीस मुलं. कुणीतरी गैरहजर असेल, असं मी धरून चालले.

आठवड्यानं शालन जिन्यात उभी राहिली. "माझी वही न्हाय आली."

"तू त्या दिवशी होतीस ना?" मी म्हटलं.

"मीच तर सांगितलं की तुमास्नी. पहिल्या बाकावर कोण बसतंय?"

मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "आमच्याकडं न्हाय बाई. गठ्ठ्यातनं पडली असंल कुठंतरी. चाचांकडनं नवी घे, माझं नाव सांग." शालन नवी वही मिळणार म्हणून खूश होऊन जिना उतरली. मला तेव्हा काही खटकलं नाही.

अण्णा घरी आले ते चाचा आणि त्यांच्या कामगाराच्या खांद्यावरून. जिन्याच्या अकरा पायऱ्या चढायला खूप वेळ लागला. पुढचे महिने घरातलं काहीच स्वस्थ नव्हतं. अण्णांचा उजवा हात उशीवर ठेवला तसाच राही आणि डावा क्षणभर थांबत नसे. तो चादरीवर फिरायचा, भिंतीवर फिरायचा, आई घास भरवत असली तर तिच्या पदरावर फिरायचा. बोट काय काढतंय ते मला ओळखू येई. इंग, इंग, इंग. आई रोज तेल चोळून उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडे आणि सोडली की ती मिटत. बघायला येणारे पाहुणे दारातच मोठ्यानं सुरू करत, "काय मास्तर, कसं काय?" आणि अण्णांना उत्तर जुळवायला वेळ लागला की स्वतःच म्हणत, "हुईल की, हुईल." कागलचे मामा तर जाताना आईला जिन्यात म्हणाले, "आता शाळा सोडायला सांग त्यास्नी. उगं आशा नगं." आमची खोली जिन्याला लागून होती आणि मामांचा आवाज शेतात बोलायचा होता.

चाचा तेवढे वेगळे बोलत. दुपारी दुकान पोरावर टाकून वर येत आणि पलंगाच्या कडेला टेकत. "मास्तर, माझ्या मशीनचा एक निब वाकला तर मी मशीन भंगारात टाकतो व्हय? दुसरा बसवतो. तुमचा डावा काय नुसता जेवायला दिलाय?" अण्णा म्हणाले, "मी डाव्यानं जेवत न्हाई. ही भरवती." हे त्यांचं आजारानंतरचं पहिलं पुरं वाक्य. चाचा हसता हसता डोळे पुसत खाली गेले.

मग एक दिवस शाळेचे हेडसर आले. सज्जन गृहस्थ होते. चहाचा कप हातात धरून बराच वेळ बसले आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, रजा महिनाअखेरीला संपते. पुढं मला काही करता येत नाही. तुमचा विषयच असा आहे की फळ्याशिवाय शिकवता येत नाही. हात चालत असेल तर तुमच्या हातचा तसा अर्ज द्या आणि या. नाहीतर..." ते तिथं थांबले. अण्णांनी मान हलवली. हेडसर गेल्यावर चहाचा कप तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्या जेवणानंतरच्या तासात मी अर्ज लिहिला. अण्णांना विचारलं नाही. इंग्रजीत लिहिला, ते लिहीत तसा, कागदाच्या डाव्या बाजूला दोन बोटं जागा सोडून. माझी प्रकृती आता पूर्ववत आहे, मी कामावर रुजू होऊ इच्छितो. प्रत्येक अक्षर त्यांचं होतं. खाली त्यांची सही केली, तीही त्यांचीच वाटत होती. मग कागद त्यांच्यासमोर धरला. वाटलं, हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि वाचला नाही, नुसता बघितला. 'ॲप्लिकेशन' या शब्दावर बोट ठेवलं.

"इथं उचललास."

मी बघितलं. टीनंतर केसाएवढी फट होती.

"हेडसरांना न्हाई कळायचं," मी म्हटलं.

"मला कळलं की."

ते शब्द सावकाश जुळवत बोलत. मी वाट बघत उभी राहिले. "एवढी काय घाई असती तुला," ते म्हणाले, "त्या टीची?"

"राहून गेला तर?" मी म्हटलं. आणि थांबायला हवं होतं तिथं थांबले नाही. "तुमचा राहिला तसा."

फळ्यावरच्या त्या शब्दाबद्दल घरात कुणी काही बोललेलं नव्हतं. आई पलीकडं जोंधळे निवडत होती, तिचा हात सुपातच राहिला. अण्णा खिडकीकडं बघत होते. मग म्हणाले, "पोरांच्या वह्या तू तपासल्यास म्हणं. पुरा केलास का शब्द?"

"व्हय. सगळ्या वह्यांत."

"चांगलं केलंस," ते म्हणाले. त्यांनी अर्ज गुडघ्यावर ठेवून एका हातानं त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणि माझ्या हातात दिला. "हे माझं न्हवं. मी जातो. डाव्यानं बघतो."

त्यानंतर तीन आठवडे ते डाव्या हातानं लिहीत होते. दस्तगीरचाचांनी पुठ्ठ्यावर काळा रंग देऊन पलंगासमोर टांगला. पहिल्या आठवड्यात खडू तुटत होते. दुसऱ्यात अक्षरं ओळखू यायला लागली. तिसऱ्यात इंग जोडून आलं, हात न उचलता. ते थरथरत होतं, पाण्यातल्या सावलीसारखं, पण जोडलेलं होतं. आई म्हणाली, "मला तर बरं दिसतंय." हेडसरांनी निरोप पाठवला की एक तास घेऊन बघा, मग ठरवू.

मी त्या दिवशी शाळा बुडवली. चाचांनी टांगा आणला. वर्गात शिरताना अण्णांनी माझा हात सोडला आणि काठी टेकत एकटे फळ्यापर्यंत गेले. मी मागच्या बाकावर बसले. चाळीस मुलं इतकी गप्प होती की व्हरांड्यात कुणीतरी घासत नेलेल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. अण्णांनी काठी टेबलाला टेकवली आणि डाव्या हातात खडू घेतला. इंग लिहिलं. मग गो लावलं, प्ले लावलं, रीड लावलं. प्रत्येक शब्दाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता, रेघ कापत होती. पण हात एकदाही उचलला नाही आणि टिंब शेवटी दिलं. त्यांनी मागं वळून बघितलं. "लिहा," ते म्हणाले, आणि या वेळी ते स्पष्ट ऐकू आलं.

मुलं लिहू लागली. अण्णा पूर्वीसारखे बाकांच्या मधून फिरू लागले, काठी टेकत, एकेक पाऊल. पहिल्या बाकाशी थांबले. शालननं जिभेचं टोक दातांत धरलं होतं आणि ती फार लक्ष देऊन काहीतरी काढत होती.

"हे असं का काढलंस?" अण्णांनी विचारलं.

शालननं वर बघितलं, मग फळ्याकडं बघितलं. "फळ्यावर तसंच हाय की, सर."

अण्णांनी काठी बाकाला टेकवून तिची वही उचलली. मागच्या बाकावरून मला वही दिसत नव्हती, अण्णांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी शेजारच्या मुलाची वही घेतली, त्याच्या मागच्याची घेतली. मी उठून पुढं गेले. प्रत्येक वहीत गोइंग थरथरत होतं. नुसतं वेडंवाकडं नव्हे. मुलांनी तो थरकाप मोजून काढला होता, जिथं खडू कापला तिथंच पेन्सिल कापली होती. काहींनी तर खोडून पुन्हा नीट कापरं केलं होतं. सहा महिन्यांत त्यांचे सरळ झालेले हात त्या एका तासात अण्णांच्या हातासारखे झाले होते.

"कुणी सांगितलं असं काढायला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुमीच," शालन अण्णांना म्हणाली. ती घाबरली नव्हती, तिला नवल वाटत होतं. "कमी न्हाई, जास्त न्हाई म्हणालता की."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर काढलंयस," ते म्हणाले. ते फळ्याजवळ गेले, खडू टेबलावर ठेवला आणि डस्टरनं फळा पुसला. एका हातानं पुसायला वेळ लागला. मुलं मदतीला उठू लागली तेव्हा त्यांनी मानेनंच बसायला सांगितलं. उरलेला तास त्यांनी फळ्याला पाठ करून, खुर्चीत बसून घेतला. तोंडानं शेपटं सांगितली, मुलांनी तोंडानं डोकी लावली. वर्ग हसला, अण्णाही दोनदा हसले. घंटा झाल्यावर ते उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या हेडसरांना म्हणाले, "मी अर्ज पाठवतो."

तो नोकरी सोडल्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, डाव्या हातानं, मराठीत, तीन ओळींचा. मी लिहून देते म्हटलं तर नाही म्हणाले. संध्याकाळी जेवणं झाली, उजेड शिल्लक होता, आणि मी नेहमीसारखी खिडकीतून जिन्यात, जिन्यातून खिडकीत करत होते. "सुमन," ते म्हणाले, "इकडं ये. खडू घे. मी सांगतो, तू काढ. तुझ्या हाताचं बघू देत पोरांना." मी म्हटलं, "माझा हात उचलला जातो." ते म्हणाले, "न्हाई उचलायचा."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं पुन्हा वर येऊ लागली, आधी सहा, मग जिन्यातसुद्धा बसावं लागे इतकी. अण्णा पलंगावरून सांगत, मी चाचांच्या पुठ्ठ्यावर काढी. टी आला की पाठीमागून त्यांची नजर मला हातावर जाणवे. पहिल्या महिन्यात अनेकदा हात थांबला. मग थांबेनासा झाला. कधी ते मला सांगता येणार नाही. शब्द संपेपर्यंत ती राहिलेली रेघ पोटात घेऊन पुढं जायला मी शिकले, एवढं खरं. अण्णा त्यानंतर आठ वर्षं होते. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि पुढं एकतीस वर्षं मुलांना सहावीत जोडून लिहायला शिकवलं. शेपटं त्यांचीच, क्रम त्यांचाच. फक्त 'स्टेशन' हा शब्द मी फळ्यावर कधी घेतला नाही. टी-आय-ओ-एनला इतर पुष्कळ डोकी मिळतात.

गेल्या महिन्यात आईची ट्रंक आवरायला काढली. नेसायची लुगडी, अण्णांचा कोट, आमच्या बस्तीच्या देवळातल्या कार्यक्रमांची जुनी निमंत्रणं, तळाशी वर्तमानपत्राचा कागद. त्या कागदाखाली एक चाररेघी वही होती. वर शालनचं नाव, सहावी, तुकडी. मी ती तिथंच उघडली. मधल्या पानावर एस, टी, ए, टी होतं आणि तिथून खाली, पान संपेपर्यंत, ती रेघ. गठ्ठ्याची गाठ त्या दिवशी कुणी सोडली होती ते मला आता कळलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. त्या पानाला ते लागतही नाही. एवढी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, मी तिच्यासमोर हजार वह्या तपासल्या, आणि तिनं एकदाही ती काढून दाखवली नाही. मी खोडलं असतं, हे तिला माहीत होतं.

शालन आता गारगोटीला असते. तिला फोन करून सांगितलं. ती हसली. "बघा, म्हंजे पडली न्हवतीच," ती म्हणाली. "असू द्या तुमच्याकडंच. मला नवी मिळालती की."

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. पेन्सिल फिकट झाली आहे, पण वाचता येते. दोन्ही टींना आडवी रेघ नाही, आय नाही, टिंब नाही. खोडरबर त्याच खणात असतो. मी शब्द पुरा केलेला नाही.